हृदयविकाराची माहिती गावाच्या भाषेत

बीड - छातीत दुखू लागले, की 'पित्त झाले असेल' असे म्हणून ओवा खायचा आणि सकाळची वाट पाहायची, ही सवय घरोघरी आढळते. हृदयविकारात नेमकी हीच वाट पाहणे जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ७९ लाख जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी दगावले. त्यातील सुमारे ८५ टक्के मृत्यू हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांमुळे झाले. त्यामुळे उपचारांइतकेच महत्त्व योग्य माहिती वेळेत पोचण्याला आहे.

ओळखीचे शब्द
'हृदयरोहिणीतील अवरोध' हा शब्दप्रयोग शास्त्रशुद्ध असला, तरी श्रोत्यांच्या लक्षात राहत नाही. ठिबकची नळी तुंबली, की पुढची रोपे सुकतात. तसेच हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकली, की पुढचा स्नायू मरू लागतो, असे सांगितल्यास शेतकऱ्याला घाईचे कारण उमगते. 'मीठ कमी खा' या उपदेशापेक्षा 'दिवसभरात सपाट चमचाभराहून कमी, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत' हे माप उपयोगी पडते. लोणचे, पापड व ठेच्यातील मीठही त्यातच मोजावे, हे आवर्जून सांगावे लागते.

ऊसतोडीचे वेळापत्रक
बीड जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. रक्तदाबाच्या गोळ्या याच काळात सुटण्याचा धोका असतो. २९ सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन त्यांच्या प्रस्थानापूर्वी येतो आणि १७ मेचा जागतिक उच्च रक्तदाब दिन परतल्यानंतर. या दोन्ही वेळी आशा कार्यकर्तींनी वस्त्यांवर तपासणी करून गोळ्यांचा साठा व औषधांची चिठ्ठी सोबत देण्याची व्यवस्था झाल्यास उपचारांत खंड पडणार नाही. 'बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नये', हा संदेश मुकादमापर्यंतही पोचायला हवा.

लक्षात ठेवण्याजोगे
- छातीत दाब, घाम, दम लागणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ ही धोक्याची लक्षणे आहेत. महिला व मधुमेहींत छातीत न दुखता केवळ थकवा किंवा मळमळही जाणवू शकते.
- अशा वेळी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. राज्यात २०१४ पासून ही रुग्णवाहिका सेवा विनामूल्य आहे. रुग्णाला चालवत नेऊ नये.
- तंबाखू, मिश्री व विडी सोडावी; तिशीनंतर रक्तदाब व साखर नियमित तपासावी.

माहिती सांगून झाल्यावर 'समजले का?' असे विचारल्यास सारेच मान डोलावतात. त्याऐवजी 'रात्री छातीत दुखले, तर तुम्ही काय कराल?' असे विचारावे. श्रोत्याने स्वतःच्या शब्दांत अचूक उत्तर दिले, तरच माहिती पोचली असे समजावे.