नळी, दस्ता आणि परवाना



भुदरगड, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या बाजूला आपले घर असेल तर पुढची हकिकत नवी वाटणार नाही. भात पोटऱ्यात आले आहे, ऊस हातास आला आहे आणि रात्री रानडुकरांचा कळप शिवारात शिरतो. सकाळी बांधावर जाऊन बघावे तर वर्षाची कमाई आडवी झालेली. अशा वेळी एखाद्या घरात माळ्यावर आजोबांची गंजलेली नळी आठवते. दस्ता वाळवीने खाल्लेला, चाप तुटलेला; पण नळी शाबूत दिसते. मग विचार येतो, ‘दस्ता सुताराकडून करून घेऊ, चाप लोहाराकडून बसवून घेऊ. नळी आपली, लाकूड आपले, पैसा आपला. यात सरकारला काय विचारायचे?’

सवाल साधा आहे, आणि तो मूर्खपणाचा मुळीच नाही, बरं का. आपल्या करवीर मुलखात शस्त्र कोणी बाळगावे, कोणी जोडावे आणि कोणी परवानगी द्यावी, यावरून मोठमोठे झगडे झाले आहेत. माणसे फासावर गेली आहेत. तेव्हा आज त्या गंजलेल्या नळीच्या निमित्ताने हा सगळा इतिहास थोडक्यात बघू.

सुरुवात गडापासून करू. शिवछत्रपतींच्या काळी गडावर एकट्याची मालकी नसे. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि लिखापढी सबनिसाकडे, धान्य व दारूगोळ्याचा साठा कारखानिसाकडे. एकाने मनात आणले म्हणून कोठाराचे दार उघडत नसे.

पुढे आपल्या बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५-१६ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिले. त्यात दारूखान्याची व्यवस्था नेमकी सांगितलेली आहे. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने हजर राहून दारू बाहेर काढवावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. तिथे रात्रंदिवस राखण असावी, आणि परवानगीवाचून कोणाला आसपास फिरकू देऊ नये. शिक्षक मित्रांनी हा भाग मुलांना जरूर सांगावा. शस्त्रावर देखरेख ठेवण्याची कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही, ती आपल्या राज्यकारभारातही होती. पण एक मोठा फरक होता. तिथे देखरेख ठेवणारा आणि शस्त्र चालवणारा एकाच राज्याचा माणूस होता. गडकऱ्याला गडाची राखण करण्यासाठी इनाम जमीन मिळे. गड, जमीन आणि हत्यार ही तिन्ही एकाच गाठीत बांधलेली होती.

ती गाठ १८४४ साली सुटली. कोल्हापूर दरबारात इंग्रजांच्या सल्ल्याने दाजी कृष्ण पंडित कारभार पाहू लागले होते. गडकऱ्यांच्या इनाम जमिनींची व्यवस्था त्यांच्या हातून काढून मामलेदारांकडे देण्याचे ठरले. गडकऱ्यांनी ओळखले, आज जमीन जाते आहे, उद्या गडही जाईल. गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर त्यांनी दरवाजे लावून घेतले. भुदरगड उठला, पन्हाळा उठला. कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून बंडवाल्यांनी पन्हाळ्यावर ठेवले होते. ऑक्टोबरमध्ये सामानगड पडला आणि डिसेंबरच्या आरंभी पन्हाळा. नंतर काय झाले? गडांची तटबंदी पाडण्यात आली, वंशपरंपरेने गड राखण्याची पद्धत बंद झाली, आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नवी फौज उभी राहिली. सामानगडाची, पन्हाळ्याची पडकी तटबंदी बघताना ती सगळी वाऱ्यापावसाने ढासळलेली आहे असे समजू नका. काही भाग मुद्दाम पाडलेला आहे.

तेरा वर्षांनी १८५७ आले. त्या साली ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीचे शिपाई उठले. कर्नल जेकब आला, ऑगस्टमध्ये पलटणीची हत्यारे काढून घेण्यात आली. डिसेंबरात शहराचे दरवाजे पुन्हा बंद झाले, आणि जेकबने तोफा लावून आत प्रवेश मिळवला. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना पुढे कराचीला नेऊन नजरकैदेत ठेवले. त्यांचा पुतळा कोल्हापूरकर रोज बघतात; पण पलटणीबरोबर रयतेचीही हत्यारे गोळा करण्याची मोहीम त्याच काळात सुरू झाली, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

या मोहिमेचा सर्वांत कडू प्रसंग कोल्हापूरच्या आग्नेयेला, घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात घडला. आज ते गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. हलगली त्याचे नाव. तिथले बेरड लोक शिकारीवर आणि राखणीच्या कामावर जगणारे. ‘हत्यारे आणून द्या, नोंद करा,’ असा हुकूम आला. त्यांनी साफ नकार दिला. हत्यार म्हणजे त्यांची रोजची भाकरी होती. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस फौजेने गावावर चाल केली, घरे पेटवली, आणि पकडलेल्यांपैकी कित्येकांना फाशी दिली. हलगलीच्या बेरडांवर कन्नड लावणी रचली गेली आणि ती लोकांच्या तोंडी राहिली.

त्यानंतर कायदे आले. १८५७ चा तात्पुरता, १८६० चा दुसरा, आणि १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीतला मुख्य हत्यार कायदा. या १८७८ च्या कायद्यात बोचणारी गोष्ट परवान्याची नव्हती. गोऱ्या माणसाला नियमांनी सूट होती आणि हिंदी माणसाला अर्ज करावा लागे, ती गोष्ट बोचत होती. सरकार आपल्याच रयतेला घाबरते आणि परक्याला विश्वासू मानते, असा त्याचा उघड अर्थ होत होता. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले. अहिंसेचे व्रत घेतलेल्या महात्मा गांधींनीही इंग्रजी राज्याच्या वाईट कृत्यांत या कायद्याला फार वरची जागा दिली. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद होता.

आता प्रश्न येतो, मग स्वराज्य आल्यावर तो हक्क घटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क मूलभूत म्हणून दिला तर गुन्हे करण्याची सवय लागलेल्या माणसालाही तो नाकारता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. परक्या राज्यात हक्क मागणे ठीक होते; स्वतःच्या राज्यात प्रसंग पडल्यास देशासाठी शस्त्र धरणे हे कर्तव्य समजावे, असाही त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे संसदेने १९५९ चा शस्त्र कायदा केला, आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अंमलात येऊन १८७८ चा कायदा गेला. गोऱ्या-काळ्याचा भेद संपला. परवाना मात्र राहिला.

म्हणजे बघा, परवाना तोच, पण देणारा बदलला. पूर्वी परका देत होता, आपल्याला न विचारता. आता आपण निवडलेल्या संसदेने तो ठरवला आहे, आणि तो सर्वांना सारखा आहे.

आता माळ्यावरच्या नळीकडे वळू. हा कायदा ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या करताना पुरी बंदूकच धरत नाही. शस्त्राचे भाग आणि शस्त्र बनवण्याची यंत्रेही तो शस्त्रातच मोजतो. नुसती नळी, नुसता चाप, हेसुद्धा कायद्याच्या नजरेत आले. कायद्याचे पाचवे कलम सांगते की परवान्याखेरीज बंदूक बनवता येत नाही, विकता येत नाही, तिच्यात बदल करता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. बाळगण्याचा परवाना निराळा आणि बनवण्याचा निराळा. ज्याच्याकडे बाळगण्याचा परवाना आहे त्यानेही मोडलेली बंदूक गावच्या लोहाराकडे न्यायची नाही. परवाना असलेल्या कारागिराकडेच न्यायची. नाहीतर मालक अडकतो आणि बिचारा लोहारही अडकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावाचून बंदूक बनवणाऱ्याला कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. नुसती बेकायदा बाळगली तरी दोन ते पाच वर्षे.

कायदा आंधळा मात्र नाही. जी जुनी बंदूक दुरुस्त करूनही कधी चालणार नाही, तिला तो सूट देतो. ज्या किरकोळ भागांची इतर भागांशी जोडणी करण्याचा हेतू नाही, त्यांनाही सूट देतो. हेतू आणि जोडणी, या दोन शब्दांवर सगळे अडते. आजोबांची आठवण म्हणून ठेवलेला निकामी तुकडा ही एक गोष्ट. त्याला दस्ता आणि चाप लावण्याची खटपट ही दुसरी.

दुसरीकडे काय आहे, तेही सांगतो. अमेरिकेत संघराज्याचा कायदा स्वतःच्या वापरासाठी घरी रायफल जोडणाऱ्याला सामान्यतः परवाना मागत नाही. पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात अशा रायफलीला क्रमांक घ्यावा लागतो. तिथे सगळे भाग बंदूक नव्हेत; ज्या मुख्य सांगाड्यावर क्रमांक कोरतात, तोच एक भाग कायद्याने बंदूक. लोक अर्धवट बनवलेले सांगाडे पेटीतून घरी आणून बिनक्रमांकाच्या बंदुका जोडू लागले, तेव्हा सरकारला २०२२ मध्ये नवा नियम करावा लागला, आणि २०२५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. थोडक्यात, जिथे मोकळीक आहे तिथेही शेवटी प्रश्न येतो तो हाच: ही बंदूक कोणाची, आणि उद्या तिने काही घडले तर जबाब कोण देणार?

मग शेतकऱ्याने काय करावे? पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत करावा. मात्र हा परवाना शिकारीचा नव्हे. गवा तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पूर्ण संरक्षित आहे, आणि दाजीपूरचे अभयारण्य १९५८ पासून त्याच्यासाठीच राखलेले आहे. गव्याने किंवा डुकराने नुकसान केले तर वनखात्याकडे वेळेत पंचनामा मागावा. भरपाईची वाट तीच आहे.

आणि माळ्यावर नळी सापडली, तर ती घासूनपुसून चालवून बघू नका. एक तर कायदा आहेच. दुसरे असे की गंजलेल्या नळीत दारू ठासली तर ती समोर जाण्याऐवजी धरणाऱ्याच्या तोंडावर फुटू शकते. कारखान्यात प्रत्येक नळी आधी जादा दाबाच्या दारूने तपासतात, ती उगीच नव्हे. परवानाधारक वारला असेल तर वारसाने ती वस्तू विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, आणि पावती घ्यावी. आपल्या नावे परवाना हवा असेल तर मग रीतसर अर्ज करावा. जमा केलेली वस्तू गेली असे होत नाही.

शिक्षक मित्रहो, पुढच्या सहलीला मुलांना सामानगडावर किंवा पन्हाळ्यावर न्याल, तेव्हा पडक्या तटाशी क्षणभर थांबा. सांगा, की एके काळी आपल्या माणसांनी हत्यार खाली ठेवायला नकार दिला, कारण मागणारा परका होता आणि त्याला जाब विचारण्याची सोय नव्हती. आज कायद्यात चूक वाटली तर आमदार आहे, खासदार आहे, न्यायालय आहे, आणि तुमची वही आणि लेखणी आहे. अमात्यांच्या दारूखान्यावरची मोहोर हवालदाराच्या हाती होती. आज ती मोहोर आपल्या मताच्या शाईची आहे.

तर मंडळी, शिवारात रात्री डुकरे आली, तर डबा वाजवा, मशाल लावा, शेजाऱ्याला हाक मारा आणि सकाळी अर्ज लिहा. लोहाराच्या भात्याकडे मात्र ती नळी घेऊन जाऊ नका.