एका चाहत्याचे दोन खर्च : तबकडी आणि तिकीट

अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरात अठरावा रस्ता आणि व्हाइन स्ट्रीट जिथे मिळतात, तिथे आज एकाच इमारतीत दोन संग्रहालये आहेत. एक जॅझ संगीताचे आणि दुसरे कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल लीगचे. बाहेरून येणाऱ्याला ही जोडी विजोड वाटते. १९३०च्या दशकात याच वस्तीत राहणाऱ्या माणसाला मात्र तिचे मुळीच नवल वाटले नसते. शनिवारी पगार झाला की ग्रामोफोनची तबकडी घेणारा आणि रविवारी मोनार्क्स संघाचा सामना पाहायला जाणारा माणूस बहुधा एकच असे.

या माणसाचे नाव कुठे नोंदलेले नाही. वादकांची चरित्रे लिहिली गेली, खेळाडूंचे पुतळे उभारले गेले. ज्याच्या खिशातल्या नाण्यांवर दोघांचाही संसार चालला, तो चाहता जुन्या वर्तमानपत्रांतील जाहिरातींत आणि मैदानांच्या तिकिटविक्रीत शोधावा लागतो. हा थ्रेड त्याच्या दोन खर्चांविषयी आहे. तो पैसा कुणाकडे गेला, आणि एका सुखद दिवशी त्याची वाट बदलली तेव्हा काय घडले, याविषयी.

सुरुवात १९२० सालापासून करावी लागते, कारण दोन्ही बाजारपेठा त्याच एका वर्षात उभ्या राहिल्या.

१३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटीतील पासेओ वायएमसीएच्या इमारतीत काही संघमालक एकत्र आले. त्यांना बोलावले होते शिकागोच्या अमेरिकन जायंट्स संघाचे मालक रूब फॉस्टर यांनी. मोठ्या बेसबॉल लीगमध्ये कृष्णवर्णीयांना बंदी घालणारा लेखी नियम नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गोऱ्या मालकांनी मुकाट्याने पाळलेला संकेत होता. कृष्णवर्णीयांचे संघ होते, प्रेक्षकही होते. परंतु मैदाने आणि सामन्यांचे आयोजन गोऱ्या मध्यस्थांच्या हाती असल्याने उत्पन्नातला मोठा वाटा त्यांच्याकडे जाई. आपल्या प्रेक्षकांचा पैसा आपल्याच लोकांत राहावा, हा फॉस्टर यांचा साधा हिशेब होता. त्या बैठकीतून नीग्रो नॅशनल लीग जन्माला आली. गंमत अशी, की यजमान शहराच्या मोनार्क्स संघाचे मालक जे. एल. विल्किन्सन हे स्वतः गोरे होते. इतिहास आपल्या सोयीचा इतका नितळ क्वचितच असतो.

सहाच महिन्यांनी, १० ऑगस्ट १९२० रोजी, न्यूयॉर्कमध्ये ओके या कंपनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेच्या आवाजात ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले. कृष्णवर्णीय लोक तबकड्या विकत घेत नाहीत, अशी कंपन्यांची ठाम समजूत होती. संगीतकार पेरी ब्रॅडफर्ड यांनी कंपन्यांचे उंबरठे झिजवून एकाला राजी केले आणि तबकडी बाजारात येताच ती समजूत कोसळली. त्या काळी तबकडीला पाऊण ते एक डॉलर पडे. मजुराने सहज खर्चावी अशी ही रक्कम नव्हती. तरीही लोकांनी ती घेतली. दक्षिणेकडील ज्या गावांत दुकानेच नव्हती, तिथे पुलमन कंपनीच्या शयनयानांत काम करणारे कृष्णवर्णीय पोर्टर शहरातून तबकड्यांचे गठ्ठे नेऊन विकत. हेच पोर्टर ‘शिकागो डिफेंडर’ हे वर्तमानपत्रही दक्षिणेत पोहोचवीत, आणि त्या वर्तमानपत्रात तबकड्यांच्या जाहिराती असत व बेसबॉलच्या बातम्याही.

कंपन्यांनी या मालाला ‘रेस रेकॉर्ड्स’ असे नाव दिले. आजच्या कानांना हा शब्द बोचतो. त्या काळी ‘रेस मॅन’ म्हणजे आपल्या समाजाचा अभिमान बाळगणारा माणूस, असा त्याचा अर्थ कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत रूढ होता. नाव अभिमानाचे असले, तरी या तबकड्यांची सूची मात्र वेगळी ठेवली जाई.

फॉस्टर यांनी बेसबॉलमध्ये जे केले, ते संगीतात करू पाहणारा एक माणूस होता : हॅरी पेस. त्यांनी १९२१ साली ‘ब्लॅक स्वान’ ही कृष्णवर्णीय मालकीची कंपनी काढली. एथेल वॉटर्स यांची गाणी गाजली, पियानोवादक फ्लेचर हेंडरसन कंपनीत संगीताचे काम पाहत. परंतु मोठ्या कंपन्या याच बाजारात उतरल्यावर त्यांच्यापुढे टिकाव लागेना. १९२४ साली ब्लॅक स्वानचा संग्रह पॅरामाउंट या लेबलकडे गेला. पॅरामाउंटची मूळ कंपनी विस्कॉन्सिन राज्यातील खुर्च्या बनवणारा कारखाना होता! ग्रामोफोनच्या लाकडी पेट्या खपाव्यात म्हणून ते तबकड्यांच्या धंद्यात आले होते. ब्लूजच्या कित्येक अमोल तबकड्या आज आहेत, त्या या फर्निचरवाल्यांमुळे. आणि त्यांतील गायकांच्या हाती फारसे काही पडले नाही, तेही याच व्यवहारात.

म्हणजे चारच वर्षांत दोन खर्चांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तबकडीचा पैसा वस्तीबाहेर जाऊ लागला. तिकिटाच्या पैशातला काही भाग तरी वस्तीत फिरत राहिला. काही भागच म्हणायला हवे, कारण मोनार्क्स ज्या म्युलबाख फील्डवर खेळत ते मैदान गोऱ्या संघमालकाचे होते आणि त्याचे भाडे द्यावे लागे. गोऱ्यांच्या संघाचा सामना असला की तिथे कृष्णवर्णीयांना वेगळे बसवीत. मोनार्क्सचा सामना असला की ज्याला जिथे हवे तिथे तो बसे. त्या तिकिटात केवळ खेळ विकत मिळत नव्हता.

रविवारचा थाट निराळाच असे. सामन्याच्या दिवशी चर्चमधील प्रार्थना लवकर आटोपत आणि मंडळी चर्चच्याच ठेवणीतल्या कपड्यांत मैदानावर येत. रात्री खेळाडू जॅझ ऐकायला जात, दिवसा मोकळे असलेले वादक सामना पाहायला येत. गोऱ्यांच्या हॉटेलांचे दरवाजे दोघांनाही बंद असल्यामुळे त्यांचा मुक्काम अठराव्या रस्त्यावरच्या स्ट्रीट हॉटेलात एकाच छपराखाली पडे. जॅझ आणि बेसबॉल यांचे सख्य असे वंशभेदानेच जुळवून दिले होते.

मग महामंदी आली. १९२७ साली अमेरिकेत दहा कोटींच्या आसपास तबकड्या खपल्या होत्या. १९३२ साली जेमतेम साठ लाख. फॉस्टर १९३० च्या अखेरीस वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांची लीग बंद पडली. मोनार्क्स तगले ते एका धाडसामुळे. विल्किन्सन यांनी १९३० साली कर्ज काढून फिरते दिवे बनवून घेतले. ट्रकवर उभारलेले खांब, त्यांवर दिवे आणि सोबत कानठळ्या बसवणारे जनित्र, असे ते प्रकरण होते. दिवसभर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी सामना पाहता यावा, एवढाच त्यामागचा विचार. मोठ्या लीगमधला पहिला रात्रीचा सामना व्हायला १९३५ साल उजाडावे लागले.

कॅन्सस सिटीच्या रात्री मात्र मंदीत अधिकच रंगल्या. टॉम पेंडरगास्ट या राजकीय धेंडाच्या कृपेने दारूबंदी शहरात नावापुरतीच होती. नाइटक्लब पहाटेपर्यंत चालत आणि वादकांना काम मिळे. बाराव्या रस्त्यावरच्या रेनो क्लबात काउंट बेसी यांचा वाद्यवृंद वाजत असे. क्लबच्या मागच्या बोळात उभा राहून ते संगीत ऐकणारा एक पोरगा पुढे चार्ली पार्कर म्हणून जगाला ठाऊक झाला.

१९३६ साली जॉन हॅमंड या संगीतसमीक्षकाने शिकागोत मोटारीतल्या रेडिओवर बेसींचे वादन ऐकले आणि तो चकित झाला. तो करार घेऊन पोहोचण्याआधीच डेका कंपनीने बेसींची सही घेतली होती. त्या करारातले आकडे मुळातून पाहण्यासारखे आहेत : २४ बाजूंचे ७५० डॉलर, आणि रॉयल्टी शून्य. डेकाची तबकडी ३५ सेंटना मिळे. चोवीस बाजू म्हणजे बारा तबकड्या. एखाद्या चाहत्याने त्या सगळ्या घेतल्या, तर त्याचे ४ डॉलर २० सेंट खर्च होत. पण त्याच्यासारखे किती का चाहते येईनात, विक्रीतला एक सेंटही बेसींच्या वाट्याला नव्हता. १९३७ चे ‘वन ओ’क्लॉक जंप’ देशभर गाजले, ते याच कराराखाली. चाहत्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तो बेसींवरच्या प्रेमापोटी पैसे मोजत होता.

(इथे एक छोटे विषयांतर. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचे संगीत मावे. म्हणून अनेक तबकड्या एकत्र ठेवण्यासाठी कागदी कप्प्यांची जाड पुस्तके विकली जात. छायाचित्रांच्या पुस्तकाप्रमाणे त्यांनाही ‘अल्बम’ म्हणत. १९४८ साली कोलंबियाने लाँग-प्ले तबकडी आणली तेव्हा ते पुस्तक गेले, नाव तेवढे उरले.)

काही आनंद फुकटही होते. २२ जून १९३८ रोजी मुष्टियोद्धा जो लुईसने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदांत लोळवले, तेव्हा कृष्णवर्णीय वस्त्यांतले लोक रेडिओभोवती गोळा झाले होते आणि निकाल लागताच रस्त्यावर उतरले. उद्योगजगताने हा उत्साह हेरला नसता तरच नवल. १९४१ साली बेसींच्या वाद्यवृंदाने ‘किंग जो’ ही तबकडी काढली : शब्द कादंबरीकार रिचर्ड राइट यांचे, आवाज पॉल रोबसन यांचा, विषय जो लुईस. चाहत्याचे संगीत आणि त्याचा खेळ एकाच तबकडीवर आले.

१९४५ साली मोनार्क्समध्ये जॅकी रॉबिन्सन नावाचा खेळाडू आला. त्याच वर्षी ब्रुकलिन डॉजर्सचे ब्रँच रिकी यांनी त्याला करारबद्ध केले. मोनार्क्सला मोबदला म्हणून एक डॉलरही दिला नाही; या लीग म्हणजे खऱ्या लीगच नव्हेत, असा रिकी यांचा युक्तिवाद होता. मोनार्क्सच्या एका मालकाने आधी तक्रारीचा सूर लावला, पण नंतर माघार घेतली. वंशभेदाची भिंत पडत असताना आडवा आला, हा कलंक कोण लावून घेणार?

१५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला. त्या दिवशीच्या प्रेक्षकांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय असावेत, असा अंदाज आहे. त्या हंगामात डॉजर्स सेंट लुईस वा सिनसिनाटीला गेले की दक्षिणेकडून लोक रेल्वेने लांबलांबचा प्रवास करून येत. आयुष्यभर ज्या दृश्याची वाट पाहिली, ते दृश्य तिकीट काढून पाहता येत होते.

दुसरीकडचा आकडाही सांगायला हवा. न्यूअर्क ईगल्स हा संघ १९४६ सालचा विजेता. त्या वर्षी त्यांच्या सामन्यांना सुमारे १,२०,००० प्रेक्षक आले. १९४७ साली सुमारे ५७,०००. संघाच्या मालकीण एफा मॅन्ली यांनी चाहत्यांना जाहीरपणे खडसावले. त्यांच्या लॅरी डोबीला घेताना क्लीव्हलँडने निदान १५,००० डॉलर तरी दिले होते. १९४८ च्या हंगामानंतर ईगल्स विकला गेला आणि पुन्हा उभी राहिलेली नीग्रो नॅशनल लीगही मोडली.

१९४९ साली बडी जॉन्सन यांनी रॉबिन्सनवर एक गाणे लिहून ध्वनिमुद्रित केले आणि त्याच वर्षी काउंट बेसींनीही ते वाजवले. कॅन्सस सिटीत घडलेला वाद्यवृंद कॅन्सस सिटीतून गेलेल्या खेळाडूचा जयजयकार करीत होता, आणि ती तबकडी विकत घेणाऱ्याने मोनार्क्सचे तिकीट मात्र काढणे सोडले होते.

त्याला दोष द्यावा का? मॅन्ली यांचा संताप समजण्यासारखा आहे, पण रोख चुकला आहे. साठ वर्षे बंद असलेले दार उघडल्यावर कुणी बाहेर उभे राहत नाही. दार उघडणाऱ्यांनी काय आत घेतले आणि काय बाहेर ठेवले, हा खरा प्रश्न आहे. त्यांनी खेळाडू घेतले. मालक, व्यवस्थापक, प्रशिक्षक, पंच बाहेर राहिले. मोनार्क्सचे व्यवस्थापक बक ओ’नील हे १९६२ साली शिकागो कब्जचे, आणि मोठ्या लीगमधील पहिले, कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाले. व्यवस्थापक होण्याची संधी त्यांना कधीच मिळाली नाही. पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक दिसायला १९७५ साल लागले. संगीतात तर असे दार उघडण्याचीही गरज पडली नव्हती. तबकडी होतीच, आणि तिच्यातून वादकाला बाहेर ठेवून वादन तेवढे नेता येत होते.

ओ’नील यांनी उतारवयात बेसबॉलच्या त्या संग्रहालयासाठी गावोगाव फिरून लोकांना जुन्या गोष्टी सांगितल्या. २०२४ साली मेजर लीगने नीग्रो लीग्जचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले, आणि जॉश गिब्सनची ०.३७२ ही कारकिर्दीतील सरासरी टाय कॉबच्या ०.३६७ च्या वर जाऊन बसली. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सन डॉजर्सकडून उतरण्याच्या तीन महिने आधी, वारला होता.

रॉबिन्सनविषयीची आणखी एक नोंद चाहत्याच्या जमाखर्चात बसते. जून १९६३ मध्ये त्याने आणि पत्नी रेचेल यांनी कनेक्टिकटमधील आपल्या घराच्या हिरवळीवर जॅझची मैफल भरवली. डिझी गिलेस्पींसह अनेक वादक आले, पैसे मोजून श्रोते आले. जमलेली रक्कम नागरी हक्कांच्या चळवळीत तुरुंगात गेलेल्यांच्या जामिनासाठी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे गेली. पुढे अनेक वर्षे ही मैफल उन्हाळ्यात भरत राहिली.