स्तंभावरचा शिपाई आणि पेन्शनीतला माणूस

भीमा कोरेगावच्या स्तंभावर कंपनीच्या फौजेतील ४९ मृतांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ही बावीस नावे म्हणजे १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्याच्या सैन्याशी लढताना पडलेले महार शिपाई. दरवर्षी लाखो लोक त्यांना मानवंदना द्यायला जातात आणि ते योग्यच आहे. ज्यांच्या पूर्वजांची नावे इतिहासाने कुठेच लिहिली नाहीत, त्यांना दगडावर कोरलेली बावीस नावे सापडली तर ते तिथे जाणारच.

परंतु एक प्रश्न आपण क्वचित विचारतो. जे शिपाई पडले त्यांची नावे स्तंभावर आली. जे जगले आणि नोकरी पुरी करून परतले त्यांचे काय झाले? ते कुठे राहिले, कशावर जगले, त्यांनी मुलांना काय शिकवले? माझे म्हणणे असे आहे की आपल्या चळवळीचा पाया रणांगणावरच्या शिपायाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, या परतलेल्या पेन्शनराने घातला. आणि त्याच्याकडेच आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष झाले आहे.

याला आपल्या पाहण्याची सवय कारणीभूत आहे. २०१७ साली सोमनाथ वाघमारे यांनी भीमा कोरेगाववर माहितीपट केला, ते मोलाचे काम झाले. पण १ जानेवारी २०१८ रोजी तिथे हिंसाचार झाला तेव्हा आलेले दूरचित्रवाणीचे कॅमेरे वेगळ्या कामासाठी आले होते. त्यांनी स्तंभ दाखवला, निळे झेंडे दाखवले, जळालेली वाहने दाखवली. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, वस्त्यांत धरपकड झाली, न्यायालयीन कोठडीत एका तरुण विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, तेव्हाही ते आले आणि गेले. कॅमेऱ्याला प्रसंग लागतो. भरतीचे मैदान, संचलन, शहिदाची अंत्ययात्रा हे प्रसंग आहेत. निवृत्त शिपाई महिन्याच्या सुरुवातीला बँकेच्या रांगेत उभा राहतो, हा प्रसंग नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र नेमके त्या रांगेत जाऊन उभे राहिले पाहिजे.

लष्कराने पूर्वास्पृश्यांना नेमके काय दिले? शौर्याची संधी दिली, असे उत्तर लगेच येते. मला ते अपुरे वाटते. शौर्य त्यांच्यापाशी होतेच. लष्कराने तीन गोष्टी दिल्या: रोख पगार, अक्षर आणि पेन्शन. या तीन गोष्टींचे मोल समजायचे असेल तर गावगाडा समजून घ्यावा लागतो.

गावगाड्यात महाराला रोख मिळत नसे. येसकरकी, निरोप पोचवणे, मेलेली ढोरे ओढणे, सरकारी अंमलदाराची सरबराई करणे या कामांच्या बदल्यात त्याला वतनाचा तुकडा आणि दारोदार मागून आणायचे बलुते मिळे. काम ठरलेले, मोबदला मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. यातून बहिष्काराचे हत्यार तयार झाले. महाराने घोड्यावर वरात काढली, नवे कपडे घातले किंवा मेलेले ढोर ओढायला नकार दिला, की बलुते बंद, दुकान बंद, शेतावरचे काम बंद. १९३० साली आलेल्या स्टार्ट समितीच्या अहवालात हे स्पष्ट नोंदलेले आहे. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. अस्पृश्य माणूस पोटासाठी गावावर अवलंबून आहे तोवर कायद्याने दिलेला हक्क तो वापरू शकत नाही, हे तिथे मांडले गेले.

आता या गावात पेन्शन घेऊन परतलेला हवालदार आणून पाहा. त्याची पेन्शन सरकारी खजिन्यातून येते. पाटील ती अडवू शकत नाही, कुलकर्णी ती कापू शकत नाही, सावकार तिच्यावर वतनासारखा हक्क सांगू शकत नाही. बहिष्काराचे हत्यार बलुत्यावर चालते, पेन्शनीवर चालत नाही. गावाच्या मर्जीबाहेरचा हा पहिला घास होता. 'जोहार' घालणारी मान ज्या दिवशी ताठ राहू शकली, त्या दिवसामागे तलवारीइतकाच हा घास आहे.

दुसरी गोष्ट अक्षर. गावातल्या शाळेची पायरी चढायला ज्यांना मनाई, त्यांच्यासाठी छावणीत शाळा होती. शिपायांना आणि त्यांच्या मुलांना तिथे शिकवले जाई. रामजी सकपाळ अशाच व्यवस्थेत शिकले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. त्यांचे वडील मालोजीही फौजेत होते. भीमाबाईंचे माहेर मुरबाडकरांचे, तेही सुभेदाराचे घर. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत बाबासाहेब जन्मले, तेव्हा त्या घरात वाचन ही रोजची गोष्ट होती. महापुरुष आकाशातून पडत नाहीत. त्यांच्यामागे कोणाच्या तरी पगाराची आणि कोणाच्या तरी पुस्तकांची पिढी असते.

तिसरी गोष्ट, म्हणजे पेन्शन, आणि तिच्याभोवती जमलेली माणसे. कोकणातले दापोली हे याचे ठळक उदाहरण. निवृत्त महार सैनिक तिथे मोठ्या संख्येने स्थायिक झाले. १८९० च्या दशकाच्या आरंभी याच पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले. प्रवेश मिळाला तो व्हरांड्यापुरता. पण अर्ज झाला, ही गोष्ट लहान नाही. अर्ज करायला लिहिता येणारा हात लागतो, सरकार कसे चालते याची माहिती लागते आणि अर्ज केल्यावर उद्या चूल पेटेल ही खात्री लागते. हे तिन्ही त्या वेळी अस्पृश्यांमध्ये मुख्यतः पेन्शनरांपाशीच होते.

याच दापोलीत गोपाळबाबा वलंगकर राहत होते. महाडजवळच्या रावढूळचे हे हवालदार १८८६ साली निवृत्त झाले. सत्यशोधक विचारांच्या प्रभावाखाली त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळ' स्थापन केले, 'विटाळ विध्वंसन' लिहून शास्त्राच्या नावाने चालणाऱ्या अस्पृश्यतेला प्रश्न विचारले. १८९५ मध्ये महाडच्या तालुका बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा सवर्ण सभासद बिथरले. पेन्शनीत निघालेला हवालदार आपल्या शेजारी खुर्चीवर बसणार, हे त्यांना सहन होईना. स्तंभ पाहून कोणी बिथरले नव्हते. खुर्ची पाहून बिथरले.

इथेच लष्कराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपण साहेबाचे गोडवे गात बसू. हे दार इंग्रजांनी न्यायबुद्धीने उघडलेले नव्हते. कंपनीला स्वस्त आणि निष्ठावान शिपाई हवे होते. गरज संपली तसे दार लावले गेले. सेनापती रॉबर्ट्सच्या काळात 'लढाऊ जातीं'चा सिद्धांत प्रबळ झाला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांनी पाऊणशे वर्षांपूर्वी कोरेगावला रक्त सांडले, ते एका हुकमाने लढण्यास नालायक ठरले. पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडली. गरज सरो, वैद्य मरो! पुन्हा महायुद्ध आले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले होते आणि त्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला होता. रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

या उघडझापीच्या मधल्या पन्नास वर्षांत अर्जांची एक परंपरा तयार झाली. तिच्यातला बदल पाहण्यासारखा आहे. १८९४ चा अर्ज वलंगकरांनी तयार केला. आम्ही मूळचे क्षत्रिय, म्हणून आम्हाला फौजेत घ्या, असा त्याचा युक्तिवाद होता. रामजी सुभेदारांनीही भरतीबंदीविरुद्धच्या अर्जासाठी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतल्याचे चरित्रकार नोंदवतात. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे उभे राहिले. ते स्वतः शिपाई नव्हते. त्यांनी सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली, १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्याकडे अर्ज पाठवला. त्यात साम्राज्याचे समान प्रजाजन म्हणून लष्करात आणि पोलिसांत घेण्याची मागणी होती. जातीच्या पूर्वप्रतिष्ठेकडून नागरिकाच्या हक्काकडे झालेला हा प्रवास आहे. 'आम्ही कोण होतो' येथून 'आम्हाला काय मिळाले पाहिजे' येथवर आपण अर्ज लिहीत लिहीत आलो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावला गेले ते याच कांबळ्यांच्या पुढाकाराने भरलेल्या सभेसाठी. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बोलताना बाबासाहेबांनी दापोली भागातल्या पेन्शनरांच्या वस्तीची आठवण काढली, भरतीबंदीने समाजाचे किती नुकसान झाले ते सांगितले. चवदार तळ्याकडे निघालेल्या मोर्चातही निवृत्त सैनिक होते.

'तुमचे पूर्वज इंग्रजांचे चाकर होते' असा टोमणा मारणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते: त्याच फौजेत मराठे होते, राजपूत होते, मुसलमान होते. स्तंभावरची उरलेली २७ नावे वाचावीत. चाकरीचा हिशेब मागायचा तर सर्वांकडे मागावा. आणि ज्या राज्यात माणसाची सावली बाटवत होती, त्या राज्याशी निष्ठा ठेवण्याचे कारण काय, हेही सांगावे.

हे सारे कोकण आणि देशावरचे झाले. आपल्या मराठवाड्याचे काय? इथे निजामाचे राज्य होते. जुन्या परभणी जिल्ह्यातल्या हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ मध्ये ते दळ हिंदुस्थानच्या फौजेत विलीन झाले. पण दापोलीसारखी पेन्शनरांची वस्ती, अर्ज लिहिणारी पिढी आपल्याकडे तयार झाली नाही. महारांची भरती प्रामुख्याने मुंबई इलाख्यातून होई. त्यामुळे गावाच्या मर्जीबाहेरचा घास आपल्याकडे उशिरा पोचला. १९४८ नंतर, १९५० मध्ये औरंगाबादला बाबासाहेबांनी महाविद्यालय काढल्यानंतर, शिक्षक, तलाठी, कारकून, पूर्णा जंक्शनवरचा रेल्वे कामगार, आणि अर्थात फौजेतला जवान यांच्या रूपाने तो आला. दापोलीत पेन्शनरांनी जे केले, ते इथे नोकरदारांनी केले: पोरांना वसतिगृहात ठेवले, वर्गणी दिली, विहार बांधले. १९७८ मध्ये नामांतराचा ठराव होताच मराठवाडाभर वस्त्या पेटवल्या गेल्या, त्यामागचा राग फक्त विद्यापीठाच्या पाटीवरचा नव्हता. बलुते सोडून वेतनावर जगू लागलेल्या माणसावरचाही होता. त्यानंतर सोळा वर्षे ही लढाई चालवत ठेवून आपण १४ जानेवारी १९९४ पर्यंत पोचलो, यात या वेतनाचा आणि पेन्शनीचा वाटा मोठा आहे.

म्हणूनच आजचा प्रश्न भावनेपलीकडचा आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर फार तर २५ टक्क्यांना कायम करायचे, उरलेल्यांना व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये देऊन घरी पाठवायचे. पेन्शन नाही, अशी तिची मूळ रचना आहे. पहाटे जिंतूर रोडला, पाथरी रोडला धावणारी आपली पोरे दिसतात. त्यांच्या धावण्याचे मला कौतुक आहे. पण लष्करभरतीत आरक्षण नाही, आणि आता पेन्शनही नाही, तर ही वाट आपल्या पोराला नेमकी कुठे पोचवते? एकरकमी पैसा बहिणीच्या लग्नात, घराच्या पत्र्यांत, कर्जात जिरतो. दर महिन्याला येणारी रक्कम माणसाला वीस-तीस वर्षे ताठ उभे ठेवते. १८९२ चा हुकूम दार लावणारा होता. या वेळी दार उघडे आहे, पण आतल्या खोलीतून जो आधार मिळत होता तो काढून घेतला आहे. देशरक्षणाच्या चर्चेत हा आधार मोजला गेला नाही, कारण पेन्शनीने गावगाड्यात काय बदलले हे ठरवणाऱ्यांना कधी अनुभवावे लागले नाही.

तेव्हा शिक्षक आणि कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. आपल्या तालुक्यातल्या माजी सैनिकांकडे जावे. १९६२, १९६५, १९७१ ची युद्धे पाहिलेली माणसे थोडी उरली आहेत. त्यांच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक असते, पेन्शनचा आदेश असतो, पदके असतात. पदकाचा फोटो काढावाच, पण पेन्शनचा आदेशही वाचावा. पहिल्या पेन्शनीतून काय घेतले, कोणते पोर शिकले, गावाने कधी अडवले आणि तेव्हा त्यांनी काय केले, हे विचारावे. पती गेल्यावर कुटुंब पेन्शन घेणाऱ्या बाईंनाही विचारावे. कारण घर त्यांनीच चालवले, आणि स्तंभावर त्यांच्यापैकी कोणाचेच नाव नाही. मिळालेली माहिती तारखेसह लिहून ठेवावी आणि भरतीच्या मैदानावर धावणाऱ्या पोरांना वाचून दाखवावी. आपल्या आजोबाला काय मिळाले होते हे त्यांना कळले, तर आपल्याला काय मिळत नाही हेही कळेल, आणि मग पुढचा अर्ज ते स्वतःच लिहितील.