एका अक्षराची किल्ली

सॅप या धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन करताना चार चौकटी भरायच्या असतात. क्लायंट, नाव, पासवर्ड आणि सगळ्यात शेवटी भाषा. ही शेवटची चौकट फार अरुंद, जेमतेम दोन अक्षरे मावतील एवढी. पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत कितीतरी माणसे रोज सकाळी तिथे ‘ईएन’ टाकतात, नाहीतर ती तशीच रिकामी सोडतात आणि कामाला लागतात. मीही कित्येक वर्षे तेच करत आलो. पण धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अनेक भाषा कशा नांदू लागल्या, याची सगळी कुळकथा त्या चौकटीमागे आहे. ती मला इतकी प्रिय आहे की नव्या मुलांना शिकवताना मी सुरुवात तिथूनच करतो.

1972 साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी जर्मनीत सॅप सुरू केली. त्यांचे पहिले गिऱ्हाईक होते आयसीआय. कंपनी ब्रिटिश, पण कारखाना ओस्ट्रिंगेन या जर्मन गावातला, नायलॉनचा. म्हणजे जन्मापासूनच घरात दोन भाषा. पुढे त्याच दशकाच्या उत्तरार्धात ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअरसाठी हिशेबाच्या प्रणालीची फ्रेंच आवृत्ती तयार झाली. युरोपात शंभर-दोनशे किलोमीटर गेले की भाषा बदलते, चलन बदलते. त्यामुळे मोठ्या संगणकांवर चालणारी आर/2 ही प्रणाली अनेक भाषा आणि अनेक चलने धरूनच बांधली गेली. जर्मन मूळ मात्र आजही पुसले गेलेले नाही. मालाचा क्रमांक ‘मॅटनर’, गिऱ्हाइकाचा ‘कुन्नर’, पुरवठादाराचा ‘लिफ्नर’, कंपनी कोड ‘बुक्रस’. जर्मनचा एक शब्द न येणारी आमची पोरे हे शब्द दिवसभर बोलतात. त्यांतलाच एक ‘स्प्रास’. मूळ शब्द श्प्राखे, म्हणजे भाषा.

त्या काळी प्रोग्रॅम लिहिणारा माणूस पडद्यावर दिसायचे वाक्य सरळ प्रोग्रॅममध्येच लिहून टाकी. दुसरी भाषा हवी झाली की सगळ्या प्रोग्रॅमची नक्कल काढायची आणि तीत वाक्ये बदलायची. मग एका नकलेत चूक सापडली की ती प्रत्येक नकलेत जाऊन दुरुस्त करायची. पाच देशांत धंदा असलेल्या कंपनीला हे परवडणारे नव्हते. उपाय निघाला तो असा, की वाक्य प्रोग्रॅममधून उचलून बाहेर एका तक्त्यात ठेवायचे आणि प्रोग्रॅमने फक्त क्रमांक सांगायचा. सॅपमध्ये या तक्त्याचे नाव टी-100. प्रोग्रॅम म्हणतो, ‘एम3 मधला 305 नंबरचा निरोप दाखव.’ जर्मन माणसाला जर्मन ओळ दिसते, इंग्रजाला इंग्रजी. अर्थ एकच, की अमुक माल अस्तित्वात नाही किंवा अजून चालू केलेला नाही.

निरोपात बदलत्या गोष्टींसाठी, म्हणजे मालाचा क्रमांक, कारखान्याचे नाव अशांसाठी, जागा मोकळ्या सोडता येतात आणि त्या जागांना एक ते चार असे नंबर देता येतात. पाहायला गेले तर किरकोळ सोय. पण इंग्रजीत आधी माल येतो, मग ‘नाही’, मग कारखाना. मराठीत आपण म्हणू, ‘चाकणच्या कारखान्यात हा माल नाही.’ क्रम पार उलटा. जागांना नंबर आहेत म्हणूनच भाषांतर करणाऱ्याला वाक्य आपल्या भाषेच्या वळणाने फिरवता येते. वाक्याचे तुकडे जोडून निरोप बनवणारी सॉफ्टवेअरे मी पाहिली आहेत. त्यांतली मराठी वाचवत नाही.

मालाची नावेही तशीच वेगळी ठेवलेली. मालाची मूळ नोंद एक, आणि शेजारी ‘मक्त’ नावाचा तक्ता, ज्यात क्रमांक, भाषेची किल्ली आणि चाळीस अक्षरांचे वर्णन. एकाच बेअरिंगच्या नावाने तिथे जर्मन, पोलिश, जपानी अशा ओळी एकाखाली एक असतात. माल एकच, साठा एकच, किंमत एकच.

ही भाषेची किल्ली आतल्या बाजूने फक्त एका अक्षराची आहे. जर्मनसाठी डी, इंग्रजीसाठी ई, फ्रेंचसाठी एफ, जपानीसाठी जे. पण रोमन अक्षरे सव्वीसच. सी चेककडे, टी तुर्कीकडे, के डॅनिशकडे. म्हणून चिनी भाषेला मिळाला 1, थाईला 2, कोरियनला 3. कोट्यवधी लोकांची भाषा आणि तिच्या वाट्याला एक आकडा, हे मी प्रथम पाहिले तेव्हा मनाला लागले होते.

खरा गुंता अक्षरांचा होता. एका बाइटमध्ये 256 खुणा बसतात, तेवढ्यात सगळ्या जगाच्या लिप्या बसणार कशा? म्हणून प्रत्येक प्रदेशाचा वेगळा तक्ता, ज्याला कोड पेज म्हणतात. 230 हा एकच आकडा घ्या. पश्चिम युरोपच्या तक्त्यात तो ए आणि ई जोडून काढलेले डॅनिश अक्षर दाखवतो, मध्य युरोपच्या तक्त्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेले पोलिश सी, आणि रशियन तक्त्यात ‘त्स’. डेटाबेसमध्ये नुसते 230 पडलेले असते. ते कोणाचे, हे त्याच्यावर लिहिलेले नसते. जपानीला तर एक बाइट पुरतच नाही. 1993 मध्ये आर/2 नंतरच्या आर/3 या प्रणालीची कांजी आवृत्ती झाली. पुढे एकाच डेटाबेसमध्ये अनेक कोड पेजे नांदवण्याची एमडीएमपी नावाची व्यवस्था आली. तिच्यात लॉगिनची भाषा हाच एकमेव आधार. जपानी किल्लीने आत आलेल्याला जपानी नावे नीट दिसत. जर्मन किल्लीने आलेल्याला त्याच जागी चिन्हांचा कचरा दिसे, आणि त्याने तो ‘दुरुस्त’ करून सेव्ह केला की मूळ नाव गेलेच.

यातून सुटका केली युनिकोडने. झेरॉक्सच्या जो बेकर यांनी 1988 मध्ये त्याचा आराखडा मांडला आणि ऑक्टोबर 1991 मध्ये पहिली आवृत्ती निघाली. प्रत्येक अक्षराला जगभर एकच आकडा. त्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, आणि तिची मांडणी आली होती आपल्या ‘इस्की’ या भारतीय मानकावरून. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि नंतर पुण्याच्या सीडॅकमध्ये आलेले मोहन तांबे यांचे भारतीय लिप्यांवरचे ‘जिस्ट’चे काम या इस्कीच्या पाठीशी होते. आज सॅपच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘क’ नंतर ‘ख’ येतो, त्यात या कामाचा वाटा आहे, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

या शतकाच्या सुरुवातीला सॅप युनिकोडवर येऊ लागली. जुना डेटाबेस बदलताना काय करावे लागे, ते मी जवळून पाहिले आहे. ज्या नोंदींना भाषेची किल्ली होती, त्या आपोआप बदलत. बाकीचे शब्द यंत्र वेचून एका यादीत काढी आणि प्रत्येक शब्दाची भाषा माणसाने ठरवायची. हजारो ओळी. रस्त्यांची नावे, पुरवठादारांची नावे, कोणी तरी टीप म्हणून लिहिलेले अर्धे वाक्य. शेजारी बसलेला सहकारी एकेक कोड पेज लावून बघायचा. पोलिश लावले की कचरा, रशियन लावले की कचरा, आणि तिसऱ्यांदा एकदम स्वच्छ गावाचे नाव उमटायचे. हरवलेले माणूस घरी आल्यासारखे वाटायचे.

युनिकोड आल्यावर एका अक्षराच्या किल्लीचाही प्रश्न सुटला, कारण आता ते अक्षर जगातले कुठलेही असू शकत होते. नव्या भाषांना कोरियन हंगुल लिपीतली अक्षरे देण्यात आली. व्हिएतनामीला एक, कझाकला एक, हिंदीलाही एक. भाषांचा तक्ता उघडून हिंदीच्या ओळीवर गेलात, तर एचआयच्या शेजारी एक कोरियन अक्षर दिसते. मी ते नव्या मुलांना दाखवतो. ती आधी गोंधळतात, मग वाकून बघतात.

चाळीस अक्षरांची मर्यादा मात्र अजून आहे, आणि देवनागरीत ती लवकर भरते. ‘स्त्री’ हे डोळ्यांना एक अक्षर, पण यंत्राच्या हिशेबात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून सहा. तरीही एकदा एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये मी एका मालाचे वर्णन मुद्दाम मराठीत भरले होते. तिथला स्टोअरकीपर चलन हातात धरून पडद्यावर वाकला आणि मोठ्याने वाचू लागला, “वायसर, पितळी, आठ एमएम. अहो साहेब, हा तर आपला वायसर!” मग त्याने खुर्ची पुढे ओढली आणि विचारले, “पान्याचं पण असंच लिहिता येईल ना?”