हृद्रोहिणी-विकाराच्या किरणोत्सर्गी परीक्षेचा आरंभ

हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या आहेत किंवा नाहींत, हें किरणोत्सर्गी द्रव्य शिरेंत टोचून पाहण्याची रीत आज रूढ आहे. तिचा आरंभ बोस्टन येथील डॉ. हर्मन ब्लुमगार्ट यांच्यापासून धरण्याचा प्रघात आहे. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत टिपणांत करावयाचा आहे.

ब्लुमगार्ट व त्यांचे सहकारी यांचे निबंध १९२७ सालीं प्रसिद्ध झाले. रेडियम-सी हें द्रव्य एका हाताच्या शिरेंत टोचून तें दुसऱ्या हाताच्या रोहिणींत किती सेकंदांत पोंचतें, हें त्यांनीं मोजलें. हें मापन अपूर्व खरें. परंतु त्यांत हृत्स्नायूचें चित्र नाहीं, व रोहिणीच्या अरुंदपणाचा निर्णयही नाहीं.

आमच्या मतें या परीक्षेच्या जनकत्वाचा मान १९७३ सालच्या बॅरी झॅरेट, विल्यम स्ट्रॉस प्रभृतींच्या निबंधास द्यावा लागतो. पोटॅशियम-४३ वापरून त्यांनीं श्रमकालचें चित्र विश्रांतिकालच्या चित्राशीं ताडून पाहिलें. अरुंद रोहिणी विश्रांतींत पुरेसें रक्त देऊं शकते. श्रमकालीं मात्र निरोगी रोहिणीप्रमाणें तिचा प्रवाह वाढत नाहीं. म्हणून श्रमकालीं दिसणारी व विश्रांतींत भरून निघणारी उणीव अरुंदपणा सुचविते. दोन्ही चित्रांत कायम राहणारी उणीव बहुधा जुन्या झटक्याचा व्रण होय. पोथीच्या दोन प्रती ताडल्यावांचून पाठनिर्णय होत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

१९७५ च्या सुमारास थॅलियम-२०१ आलें. तें एकदां टोचून कांहीं तासांच्या अंतरानें दोन्ही चित्रें मिळूं लागलीं. १९९० सालीं अमेरिकेंत टेक्नेशियमयुक्त सेस्टामिबीस मान्यता मिळाली. द्रव्यें बदललीं, ताडून पाहण्याची रीत तीच राहिली.

तथापि या रीतींत एक दोष आहे. तीनही प्रमुख रोहिण्या सारख्याच अरुंद असल्यास सर्वच स्नायु सारखा फिका पडतो, व चित्र निर्दोष भासतें. सर्व प्रती एकाच अशुद्ध मूळावरून उतरलेल्या असल्या म्हणजे पाठभेद न आढळतांही पाठ अशुद्धच असतो, हें संग्राहकांस सांगावयास नको. या दोषावर उपाय म्हणून आतां पॉझिट्रॉन-पद्धतीनें दर मिनिटास दर ग्रॅम स्नायूस किती रक्त पोंचतें, हेंच मोजतात. म्हणजे परीक्षेचें जनकत्व जरी झॅरेट-स्ट्रॉस यांचें ठरलें, तरी तिची उणीव भरून काढण्यास ब्लुमगार्ट यांची मापनदृष्टीच कामीं आली, इतकें त्यांच्या पदरीं घालणें न्याय्य होईल.