श्रेयनामावलीतला मिक रॉन्सन

मिक रॉन्सनची ओळख बहुतेक ठिकाणी ‘डेव्हिड बोवीचा गिटारवादक’ एवढीच दिली जाते. तबकड्यांच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला मजकूर वाचला, की ही ओळख फारच तोकडी वाटू लागते.

दोघांच्या एकत्र वादनाचा तारखेसह मिळणारा अगदी सुरुवातीचा पुरावा बीबीसीचा आहे. जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी ५ फेब्रुवारी १९७० रोजी झालेलं हे ध्वनिमुद्रण. रॉन्सन तेव्हा २३ वर्षांचा होता आणि हल शहरात पालिकेचं माळीकाम करत होता. त्याच वर्षी एल्टन जॉनच्या ‘मॅडमन अक्रॉस द वॉटर’च्या पहिल्या मुद्रणातही त्यानं गिटार वाजवली, पण ते मुद्रण बाजूला पडलं आणि बऱ्याच वर्षांनी प्रकाशित झालं.

बोवीच्या १९७१च्या ‘हंकी डोरी’ या अल्बमवर निर्माता म्हणून केन स्कॉटचं नाव आहे. अरेंजमेंटचं श्रेय रॉन्सनला आहे. ‘लाइफ ऑन मार्स?’मधला पियानो रिक वेकमनचा. त्याभोवती चढत जाणारा तंतुवाद्यांचा मेळ रॉन्सननं रचला. लहानपणी तो पियानो आणि व्हायोलिन शिकला होता. ते शिक्षण इथं कामी आलं, असं मी ठामपणे म्हणेन.

पुढच्याच वर्षी लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत लू रीडचा ‘ट्रान्सफॉर्मर’ झाला. त्यावर निर्माते म्हणून बोवी आणि रॉन्सन अशी दोन नावं आहेत. स्टुडिओतला कोणता निर्णय कोणाचा, हे अशा जोडनावावरून ठरवता येत नाही. ‘परफेक्ट डे’मधला पियानो आणि तंतुवाद्यांची रचना मात्र रॉन्सनची, आणि त्या दोन गोष्टी काढल्या तर गाण्याचा निम्मा जीव जातो. तरी गीतकार-संगीतकार म्हणून नाव एकट्या रीडचं. अरेंजर कितीही मोठं काम करो, गाण्याची मालकी त्याच्याकडे येत नाही. रॉन्सनच्या बाबतीत हा अन्याय मला फार बोचतो.

हाच प्रकार १९८२ साली पुन्हा घडला. ‘जॅक अँड डायेन’ हे गाणं आपण टाकूनच देणार होतो, ते रॉन्सननं तारलं, असं जॉन मेलनकॅम्पनं स्वतः मुलाखतीत सांगितलं आहे. मधला समूहस्वरांचा भाग त्यानंच सुचवला. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. लेखनाचं श्रेय एकट्या मेलनकॅम्पचं.

रॉन्सनचा १९७४चा पहिला एकल अल्बम ब्रिटनमध्ये नवव्या स्थानापर्यंत पोचला. त्याचं शीर्षक ‘स्लॉटर ऑन टेन्थ ॲव्हेन्यू’ रिचर्ड रॉजर्सच्या १९३६च्या नृत्यसंगीतावरून घेतलेलं आहे. स्वतःच्या नावाची पहिली तबकडी काढतानाही त्यानं दुसऱ्याची, ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली रचना गिटारवर घेतली. या निवडीत मला त्याचा खरा कल दिसतो. पुढचा ‘प्ले डोन्ट वरी’ तेवढा चालला नाही.

नंतर इयन हंटरशी दीर्घ सहवास, १९७५-७६मध्ये बॉब डिलनचा दौरा, रॉजर मॅग्विनच्या ‘कार्डिफ रोझ’ची निर्मिती. १९९१मध्ये यकृताच्या कर्करोगाचं निदान झालं. तरीही १९९२मध्ये मॉरिसीचा ‘युअर आर्सेनल’ त्यानं पुरा केला. २९ एप्रिल १९९३ रोजी तो गेला. ‘युअर आर्सेनल’वर गिटारवादक म्हणून ॲलन व्हाइट आणि बॉझ बुरर यांची नावं आहेत, रॉन्सनचं नाव निर्माता म्हणून आहे.