वाहतूक-समस्या

अनेक ठिकाणचा माल अनेक ठिकाणी कमीत कमी एकूण खर्चात कसा पोचवावा, हे ठरवणारे गणित. फ्रँक हिचकॉक यांनी ते १९४१ मध्ये मांडले. जॉर्ज डँट्झिग यांच्या सिंप्लेक्स पद्धतीने (१९४७) ते सोडवणे सोपे झाले.

वऱ्हाडातला कापूस हे त्याचे चपखल उदाहरण. अमरावती-नागपूर महामार्गावरील गुरुकुंज मोझरीचा (ता. तिवसा) कापूस तिवशाच्या जिनिंगला (कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला) क्विंटलमागे १० रुपयांत जातो, अमरावतीला ३० रुपयांत, असे समजू. तिवशापलीकडच्या एका गावाला हेच दर १२ आणि ६०. तिवशाला एकाच गावाचा माल मावत असेल आणि मोझरीने जवळचे जिनिंग धरले, तर दोघांचा मिळून खर्च ७० रुपये; मोझरीचा माल अमरावतीला वळवला की ४२. मोझरीचे जादा २० रुपये कोणी भरायचे, हे मात्र समीकरण सांगत नाही.

कापूस हलका पण फुगीर, त्यामुळे ट्रक वजनाआधी जागेने भरतो. त्यात रुई जेमतेम एक तृतीयांश, बाकी बहुतेक सरकी. १७० किलोच्या गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. म्हणून जिनिंग शेताजवळ आणि लांबचा प्रवास गाठींचा, हे व्यापाऱ्यांना सूत्रांवाचूनच कळले होते. १९७२ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत हाच प्रश्न राज्यभरासाठी एकाच खरेदीदारापुढे आला.

खरेदी केंद्रापुढच्या गाड्यांना हे गणित पुरत नाही. तिथे एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनसाठी पाया घातलेला रांगांचा सिद्धांत लागतो: आवक मापाच्या वेगाजवळ पोचली, की रांग एकदम वाढते.